घराण्यात हृदयविकारही आहे आणि कर्करोगही: नाशिकमध्ये तपासण्यांना सुरुवात कोठून करावी

माझ्या वडिलांच्या बाजूला कमी वयातला हृदयविकार आहे आणि आईच्या बाजूला स्तनाचा कर्करोग, त्यामुळे आम्हा भावंडांना चाळिशीच्या अलीकडेच दोन्ही दिशांनी चौकशी करणे भाग पडले. रक्त देण्याचे काम दोन मिनिटांचे असते; वेळ जातो तो कोणती तपासणी आधी करायची, ती घरातल्या कोणाची करायची आणि आलेल्या आकड्याचे पुढे काय करायचे हे समजून घेण्यात. तो वेळ इतरांचा वाचावा म्हणून हे टिपण क्रमवार लिहिले आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषध सुरू करणे, थांबवणे किंवा त्याची मात्रा बदलणे हे निर्णय तुमच्या डॉक्टरांचेच आहेत असे धरून पुढचे वाचावे.

क्रम समजण्यासाठी एक फरक आधी लक्षात घ्यावा लागतो. हृदयविकाराच्या बाबतीत वारशाने आलेल्या जनुकाचा परिणाम पुष्कळदा रक्तातच मोजता येतो, कारण त्या जनुकामुळे वाढलेले कोलेस्ट्रॉल साध्या लिपिड प्रोफाइलमध्ये, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीत, दिसते. कर्करोगाच्या बाबतीत तसे होत नाही. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकातला दोष घेऊन जन्मलेल्या स्त्रीचे नेहमीचे सगळे रिपोर्ट तीस-चाळीस वर्षे नॉर्मल येऊ शकतात. म्हणून हृदयाच्या बाजूने आधी स्वस्त रक्ततपासणी आणि क्वचितच जनुकीय चाचणी, तर कर्करोगाच्या बाजूने आधी कुटुंबाचा इतिहास आणि त्यात तसे काही आढळले तरच जनुकीय चाचणी, असा मार्ग ठरतो. ‘सगळे जीन्स एकदाच तपासून टाकू’ असे बहुतेकांना वाटते. माझ्या मते तो पैशाचा आणि मनःशांतीचा अपव्यय आहे, आणि त्याची कारणे पुढे येतीलच.

१. तीन पिढ्यांचा कागद तयार करा

एक मोठा कोरा कागद घ्या. मधल्या ओळीत तुम्ही आणि तुमची भावंडे, त्यावर आईवडील आणि त्यांची सख्खी भावंडे, त्याहून वर दोन्हीकडचे आजी-आजोबा, आणि खाली मुले. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ आणि मृत व्यक्तीच्या खुणेवर तिरकी रेघ ही डॉक्टरांची नेहमीची पद्धत आहे, तीच वापरा. प्रत्येकापुढे आजाराचे नाव लिहाच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो आजार कितव्या वर्षी कळला ते लिहा. बहात्तराव्या वर्षी आलेला अटॅक आणि बेचाळिसाव्या वर्षी आलेला अटॅक यांचा वारशाच्या दृष्टीने अर्थ अगदी वेगळा असतो. तंबाखू, मधुमेह आणि रक्तदाब यांची नोंद शेजारी छोट्या अक्षरात करावी.

हे काम वाटते त्यापेक्षा अवघड आहे, कारण आपल्याकडे मागच्या पिढीतले लोक रोगाचे नाव सांगत नाहीत, प्रसंग सांगतात. ‘गॅस झाला म्हणून सोडा प्यायले आणि तासाभरात गेले’, ‘झोपेतच गेले, पुण्यवान माणूस’ अशी वाक्ये ऐकली की तेथे हृदयविकाराची शक्यता पेन्सिलीने लिहून ठेवा. ‘पोटात पाणी झाले होते’ हे वाक्य एखाद्या आजीबद्दल किंवा मावशीबद्दल ऐकले तर ते यकृताचे दुखणेही असू शकते आणि अंडाशयाचा कर्करोगही, म्हणून पुढचा प्रश्न विचारा: कोठल्या डॉक्टरांकडे नेले होते, ऑपरेशन झाले होते का, मुंबईला नेले होते का, केस गेले होते का? ‘अंगावरून जात होते’, ‘छातीत गाठ झाली होती, पण तिने कोणाला दाखवलीच नाही’ या गोष्टी घरातल्या पुरुषांना बहुधा ठाऊकच नसतात. त्या आत्या आणि मावश्यांना ठाऊक असतात, आणि दिवाळीच्या गर्दीत विचारल्या तर त्या सांगत नाहीत. दुपारी एकट्या असताना, शक्यतो घरातल्या बाईमाणसाने विचारावे.

नाशिककरांना एक सोय इतर शहरांपेक्षा जास्त आहे. रामकुंडावरच्या आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थपुरोहितांकडे गाव आणि आडनाव यांनुसार यजमानांच्या नामावळ्या ठेवलेल्या असतात, आणि मूळ गाव सांगता आले तर पणजोबांपर्यंतची भावकी त्यात सापडू शकते. आमच्या आजोबांना आणखी एक भाऊ होता आणि त्याची शाखा निफाडकडे आहे हे आम्हाला तेथेच कळले. अर्थात या वह्यांत कोण आले, कोणाचा मुलगा आणि कोणत्या विधीसाठी आले एवढेच मुख्यतः असते; मृत्यूचे कारण नसते, आणि लेकीबाळींची नावे फार कमी असतात. म्हणून नामावळीचा उपयोग शाखा शोधण्यापुरता करावा आणि आजारांची माहिती जिवंत माणसांकडूनच घ्यावी.

मृत्यूच्या दाखल्यावर कारण असेल या आशेने महापालिकेच्या विभागीय कार्यालयात हेलपाटे घालू नका. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार नातेवाइकांना मिळणाऱ्या उताऱ्यावर मृत्यूचे कारण छापले जात नाही. कारण असते ते रुग्णालयाने दिलेल्या वैद्यकीय प्रमाणपत्रात, आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला देणे रुग्णालयांवर बंधनकारक झाले आहे. जुन्या मृत्यूंसाठी डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनचे टिपण आणि बायोप्सीचा रिपोर्ट हेच खरे पुरावे आहेत, आणि ते बहुधा कपाटात साड्यांच्या खाली एखाद्या प्लास्टिकच्या पिशवीत सापडतात.

नात्यातले लग्न कागदावर दुहेरी रेघेने दाखवा. मामेबहिणीशी किंवा आतेबहिणीशी लग्न झालेल्या घरांत एकच दोष आई आणि वडील या दोघांकडून मुलाला मिळण्याची शक्यता वाढते, आणि कोलेस्ट्रॉलच्या आनुवंशिक विकारात याचे परिणाम फार गंभीर असतात.

२. कागद वाचा

हृदयाच्या बाजूने पाहताना सख्ख्या नात्यातल्या पुरुषाला ५५ वर्षांच्या आत किंवा स्त्रीला ६५ वर्षांच्या आत हृदयविकार झाला असेल, तर तो लवकरचा हृदयविकार मानतात आणि तुमचा स्वतःचा धोका त्यामुळे वाढलेला धरतात. एखादा तरणाताठा नातेवाईक खेळताना किंवा धावताना कोसळून गेला असेल तर प्रश्न कोलेस्ट्रॉलचा नसून हृदयाच्या स्नायूचा किंवा ठोक्यांच्या लयीचा असू शकतो. अशा वेळी लिपिडच्या मागे न लागता हृदयरोगतज्ज्ञांकडे जाऊन ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्यावा.

कर्करोगाच्या बाजूने पुढील गोष्टी विशेष मानाव्यात: पन्नाशीच्या आत झालेला स्तनाचा कर्करोग, दोन्ही स्तनांत झालेला कर्करोग, पुरुषाला झालेला स्तनाचा कर्करोग, कोणत्याही वयात झालेला अंडाशयाचा कर्करोग, पन्नाशीच्या आत झालेला मोठ्या आतड्याचा किंवा गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग, आणि एकाच बाजूच्या दोन-तीन नातेवाइकांना झालेला एकाच प्रकारचा कर्करोग. वडिलांची बाजू वगळू नका. बीआरसीए दोष मुलीला वडिलांकडूनही तितकाच येऊ शकतो, आणि ज्या घरात वडिलांना सगळे भाऊच आहेत तेथे तो एक अख्खी पिढी नजरेआड राहू शकतो.

याउलट आयुष्यभर तंबाखू-चुना किंवा मिसरी लावणाऱ्या व्यक्तीचा तोंडाचा कर्करोग, बिडी ओढणाऱ्याचा फुप्फुसाचा कर्करोग आणि विषाणूमुळे होणारा गर्भाशयमुखाचा कर्करोग यांच्यावरून आनुवंशिकतेचा निष्कर्ष सहसा काढत नाहीत. एकूण कर्करोगांपैकी साधारण ५ ते १० टक्केच थेट वारशाने आलेल्या एकाच जनुकीय दोषामुळे होतात. घरात कर्करोग झाला म्हणजे तो रक्तातच आहे असे मानून जगणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना या चाचण्यांची गरजच नसते.

३. लिपिड प्रोफाइल करा आणि ते स्वतः वाचायला शिका

कागद काहीही सांगो, ही तपासणी अठरा वर्षांवरील प्रत्येकाने एकदा तरी करावी. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पहिल्या तपासणीसाठी उपाशीपोटी असण्याची सक्ती नाही. तरीही ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी एक चरबी) जास्त असण्याची शक्यता असेल तर दहा-बारा तास काही न खाता जाणे बरे, पाणी चालते. एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याची आमटी खाऊन ‘आज उपास आहे’ म्हणून उपाशीपोटीच्या रांगेत उभे राहू नये, एवढे मात्र सांगावेसे वाटते.

रिपोर्टमधला एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्ट्रॉल, पुष्कळ ठिकाणी प्रत्यक्ष मोजलेला नसतो, हिशोबाने काढलेला असतो. एकूण कोलेस्ट्रॉलमधून एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ कोलेस्ट्रॉल, वजा करायचे आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा, असे ते १९७२ पासूनचे सूत्र आहे. समजा एकूण कोलेस्ट्रॉल २६२, एचडीएल ४१ आणि ट्रायग्लिसराइड १४५ आहे. १४५ चा पाचवा भाग २९. २६२ मधून ४१ आणि २९ गेले की एलडीएल १९२ राहतो. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हे सूत्र लागू पडत नाही, मग लॅबला थेट एलडीएल मोजायला सांगावे लागते. याच रिपोर्टवरून आणखी एक आकडा घरबसल्या काढता येतो: एकूण कोलेस्ट्रॉल वजा एचडीएल, म्हणजे २२१. याला नॉन-एचडीएल म्हणतात. आपल्या लोकांत ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी हा साचा वारंवार दिसतो आणि अशा वेळी एकटा एलडीएल धोका कमी दाखवतो, म्हणून हा आकडा आपल्यासाठी विशेष उपयोगी आहे.

आता सापळे. पहिला सापळा रिपोर्टच्या उजव्या बाजूला छापलेल्या ‘नॉर्मल’च्या पट्ट्याचा. तो पट्टा सर्वांसाठी एकच असतो, पण तुमचे लक्ष्य तुमच्या धोक्यावर ठरते. वर उल्लेख केलेल्या तत्त्वांत सर्वसाधारण माणसासाठी एलडीएल १०० च्या खाली, मधुमेह किंवा उच्च रक्तदाबासारखा जास्त धोका असणाऱ्यांसाठी ७० च्या खाली आणि अटॅक येऊन गेलेल्यांसारख्या अतिजोखमीच्या रुग्णांसाठी ५५ च्या खाली असे टप्पे आहेत. हे सर्व आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. त्यामुळे अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाचा ११० हा आकडा लॅबच्या दृष्टीने ठीक असला तरी त्याच्या दृष्टीने ठीक नसतो.

दुसरा सापळा वेळेचा. हृदयविकाराचा झटका, मोठे ऑपरेशन किंवा जोराचा ताप यांनंतर कोलेस्ट्रॉल काही काळ खाली उतरते. अटॅकनंतर चौथ्या-पाचव्या दिवशी काढलेला रिपोर्ट दाखवून ‘यांचे कोलेस्ट्रॉल तर नॉर्मल होते’ असे सांगणारी घरे पुष्कळ आहेत. गरोदरपणात ते वाढते, म्हणून त्या काळातल्या आकड्यावरून निदान करत नाहीत. थायरॉईड मंद असल्यास एलडीएल बराच वर जातो, म्हणून वाढलेला आकडा आला की टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) केल्याशिवाय पुढे जाऊ नये. आणि कोलेस्ट्रॉलची गोळी आधीच सुरू असेल तर कागदावर गोळीचे नाव, मात्रा आणि ती सुरू होण्यापूर्वीचा आकडा लिहावा, कारण वारशाचा अंदाज त्या जुन्या आकड्यावरून करतात.

तिसरा सापळा एचडीएलचा. ‘माझे चांगले कोलेस्ट्रॉल भरपूर आहे’ या समाधानावर वाढलेला एलडीएल दुर्लक्षित करू नये. औषधांनी एचडीएल वाढवून अटॅक कमी करण्याचे मोठे प्रयोग अपयशी ठरले आहेत.

४. आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन (ए) मोजा

कोलेस्ट्रॉल वाहून नेणारा हा कण नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये मोजलेला नसतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर वेगळा लिहून घ्यावा लागतो. त्याची पातळी मुख्यतः जनुकांवर ठरते, लहानपणीच स्थिरावते आणि चालणे, पथ्य किंवा वजन यांनी फारशी बदलत नाही, म्हणून तो साधारणतः एकदाच मोजला तरी पुरतो. ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असल्यास धोका वाढलेला मानतात. काही लॅब तो नॅनोमोल प्रति लिटरमध्ये देतात. तेथे साधारण १२५ ही रेषा धरतात. एका एककातून दुसऱ्यात नेण्यासाठी ठरावीक गुणक वापरता येत नाही, कारण हा कण प्रत्येकात वेगवेगळ्या आकाराचा असतो. म्हणून भावाचा रिपोर्ट एका एककात आणि बहिणीचा दुसऱ्यात असेल तर त्यांची तुलना करू नका. शक्यतो सर्व भावंडांची तपासणी एकाच लॅबमध्ये करा.

आमच्या घरात काकांचा रक्तदाब, साखर आणि एलडीएल असे सगळे मर्यादेत असूनही त्यांना पन्नाशीच्या आत अटॅक आला, आणि त्याचा उलगडा या एका आकड्याने झाला. तो वाढलेला निघाला तर घाबरून जाण्याऐवजी एवढे समजावे की कोलेस्ट्रॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्यांनी हा आकडा उतरत नाही, परंतु एलडीएल, रक्तदाब, साखर आणि तंबाखू या हातातल्या बाबी अधिक काटेकोरपणे आवरून एकूण धोका खाली आणता येतो. एपो-बी ही आणखी एक उपयोगी तपासणी आहे. धमनीत शिरणाऱ्या प्रत्येक कणावर या प्रथिनाचा एकच रेणू असतो, त्यामुळे तो मोजणे म्हणजे कणांची संख्या मोजणे. ट्रायग्लिसराइड जास्त असणाऱ्यांनी डॉक्टरांना त्याविषयी विचारावे.

५. एलडीएल १९० च्या वर असेल तर

प्रौढ व्यक्तीचा औषधाशिवायचा एलडीएल १९० किंवा त्याहून अधिक असेल आणि थायरॉईड, मूत्रपिंड ही दुसरी कारणे नसतील, तर तो तुपाचा किंवा मिसळीच्या तर्रीचा परिणाम आहे असे म्हणून सोडून देऊ नये. आनुवंशिक अतिकोलेस्ट्रॉल विकार, ज्याला डॉक्टर फॅमिलियल हायपरकोलेस्ट्रॉलेमिया किंवा नुसते ‘एफएच’ म्हणतात, तो जगात साधारण २५० माणसांमागे एकाला असतो. हेच प्रमाण नाशिक शहराच्या २०११ च्या जनगणनेतील सुमारे १४ लाख ८६ हजार लोकसंख्येला लावले तर जवळजवळ सहा हजार माणसे होतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना ते ठाऊक नसणार.

यकृताच्या पेशीवर एलडीएल पकडून आत घेणारे एक ग्राहक प्रथिन असते. ते कमी पडले की एलडीएल रक्तातच फिरत राहतो. हे मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांनी उलगडले आणि त्यासाठी त्यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दोष बहुतेक वेळा एलडीएलआर या जनुकात, काही वेळा एपीओबी किंवा पीसीएसके९ या जनुकांत असतो. एका पालकाला तो असेल तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. दोन्ही पालकांकडून आला तर मुलाचा एलडीएल ४००-५०० च्या घरात जातो आणि विशीच्या आतही अटॅक येऊ शकतो.

शरीरावरच्या खुणा पाहायला शिका. टाचेच्या मागच्या कंडरेचा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या शिरेचा) जाड, गाठाळ भाग, बोटांच्या मागच्या बाजूच्या कंडरांवरच्या गाठी, पापण्यांवरचे पिवळसर चट्टे आणि पंचेचाळिशीच्या आत बुबुळाभोवती दिसणारे पांढुरके कडे, या त्या खुणा. आमच्या एका चुलत्यांना सँडलचा मागचा पट्टा कधी बसतच नसे आणि ते पट्टा कापून सँडल वापरत. ती टाचेवरची जाडी ‘जुनी दुखापत’ म्हणून वीस वर्षे सोडून दिली गेली. जुन्या लग्नाच्या फोटोंत पापण्यांवरचे चट्टे चांगले दिसतात, तेही पाहावेत.

येथे जनुकीय चाचणी केली तर निदान पक्के होते, पण तिच्यासाठी उपचार अडवून ठेवू नयेत. तिच्याहून मोलाचे काम म्हणजे घरातल्या सर्व सख्ख्या नातेवाइकांचे लिपिड प्रोफाइल, आणि त्यात मुलेही आली. एफएच असलेल्या पालकाच्या मुलाचे कोलेस्ट्रॉल लहानपणीच तपासतात आणि गरज असल्यास आठ-दहा वर्षांच्या वयापासून डॉक्टर औषध सुरू करू शकतात. आजी-आजोबांना हे पटत नाही, ‘एवढ्याशा पोराला गोळ्या?’ असा प्रश्न येतोच. त्यांना बालरोगतज्ज्ञांसमोर सोबत बसवणे हा मला सापडलेला एकमेव उपाय आहे. प्रौढांसाठी स्टॅटिन, त्याने भागले नाही तर इझेटिमाइब, आणि त्यापुढे पीसीएसके९ रोखणारी इंजेक्शने असा चढता क्रम असतो. मूल हवे असणाऱ्या स्त्रीने गर्भधारणेच्या आधीच डॉक्टरांशी गोळ्यांविषयी बोलावे.

६. कर्करोगाची जनुकीय चाचणी: आधी कोणाची?

या संपूर्ण टिपणातील सर्वांत जास्त चुकणारी पायरी ही आहे. चाचणी आधी घाबरलेल्या निरोगी मुलीची करायची नसते, तर शक्य असेल तेथवर ज्या नातेवाइकाला कर्करोग झालेला आहे त्याची करायची असते. मावशीला स्तनाचा कर्करोग झाला आणि भाचीची चाचणी निगेटिव्ह आली, तर त्या निगेटिव्हचा अर्थ लावता येत नाही: भाचीला दोष आला नाही म्हणून ती निगेटिव्ह आहे, की मावशीचा कर्करोगच मुळात या जनुकांचा नव्हता? मावशीच्या रक्तात नेमका दोष सापडला तर भाचीसाठी फक्त तेवढी एक जागा तपासावी लागते, तिचे उत्तर स्पष्ट हो किंवा नाही असे येते आणि खर्चही कमी होतो. शिवाय मावशीलाही त्याचा उपयोग होतो, कारण बीआरसीए दोष असलेल्या काही कर्करोगांवर ओलापरिबसारखी खास औषधे वापरता येतात.

रुग्ण फार आजारी असेल तर ही गोष्ट काढणे जड जाते. तरीही काढावी, रक्ताचा एक नमुना देऊन ठेवणे आणि डीएनए साठवणे यांविषयी डॉक्टरांना वेळेत विचारावे. जुन्या ऑपरेशनचे पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) आणि काचपट्ट्या लॅबकडून मागून जपून ठेवाव्यात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात याच ब्लॉकवर साधी रंगचाचणी करून लिंच सिंड्रोम या, आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या, आनुवंशिक विकाराचा संशय घेता येतो.

दुसरा घोळ रिपोर्टच्या जातीचा आहे. कर्करोगाच्या गाठीच्या तुकड्यावर केलेली जनुकीय चाचणी आणि रक्तावर किंवा लाळेवर केलेली आनुवंशिक चाचणी या निरनिराळ्या गोष्टी आहेत. गाठीत सापडलेले बहुतेक बदल त्या गाठीतच झालेले असतात, ते मुलांकडे जात नाहीत. ‘आईच्या रिपोर्टमध्ये म्युटेशन आले आहे’ असे कोणी म्हटले की नमुना कशाचा होता ती ओळ आधी वाचावी.

बीआरसीए१ दोष असलेल्या स्त्रियांमध्ये ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के आणि अंडाशयाची सुमारे ४४ टक्के, तर बीआरसीए२ मध्ये अनुक्रमे ६९ आणि १७ टक्के आढळली आहे. हे आकडे प्रामुख्याने पाश्चात्त्य कुटुंबांच्या अभ्यासातले आहेत. दोष सापडला तर पंचविशी-तिशीपासून एमआरआयसह नियमित तपासणी, अपत्ये झाल्यावर अंडाशय काढण्याचा विचार असे मार्ग असतात. लिंचमध्ये विशी-पंचविशीपासून एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) करतात. अठरा वर्षांखालच्या मुलांची बीआरसीए चाचणी करत नाहीत, कारण त्या वयात करण्यासारखे काही नसते आणि तो निर्णय त्यांनी मोठे होऊन स्वतः घ्यायचा असतो.

रिपोर्टमध्ये तिसराही निकाल येतो: अर्थ अनिश्चित असलेला बदल, ज्याला लॅबवाले ‘व्हीयूएस’ म्हणतात. भारतीय लोकांची माहिती जागतिक साठ्यांत कमी असल्याने आपल्याकडे तो जास्त वेळा येतो. त्याच्या आधारावर कोणतेही ऑपरेशन करू नये, नातेवाइकांची चाचणीही करू नये. वर्षा-दोन वर्षांनी त्याचे नव्याने वर्गीकरण झाले का ते लॅबला विचारावे. शंभर-शंभर जनुकांचे पॅनेल घेतले की असे अनिश्चित निकाल वाढतात, आणि म्हणूनच सगळे एकदम तपासण्याला माझा विरोध आहे. चाचणीपूर्वी आणि नंतर जनुकीय समुपदेशकाशी बोलणे मिळत नसेल तर तेथे चाचणी करू नये.

७. कोठे जायचे, काय न्यायचे

लिपिड प्रोफाइल, टीएसएच आणि ईसीजी यांसाठी नाशिकबाहेर जाण्याचे कारण नाही. त्र्यंबक रस्त्यावरचे जिल्हा रुग्णालय म्हणजे आपले सिव्हिल, आणि हृदयरोग व कर्करोगाचे विभाग असलेले शालिमारजवळचे विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय येथे केसपेपर काढून सुरुवात करता येते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार निःशुल्क केले गेले. लायपोप्रोटीन (ए) मात्र तेथे उपलब्ध आहे का हे आधी विचारून घ्यावे. आडगावचे डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालय पंचवटी आणि ओझरकडच्या लोकांना सोयीचे आहे. खासगी लॅब निवडताना एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता पाहावी.

कर्करोगाच्या आनुवंशिकतेसाठी परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात स्वतंत्र विभाग आहे. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने दादरला उतरून परळला जाता येते, पण अपॉइंटमेंट आणि जुने रिपोर्ट यांशिवाय जाणे व्यर्थ आहे. नाशिकमध्येच कर्करोगतज्ज्ञांमार्फत नमुना दिला तरी तो पुष्कळदा बाहेरगावच्या प्रयोगशाळेत जातो आणि रिपोर्टला काही आठवडे लागतात.

सोबत न्यावयाच्या गोष्टी:

- तीन पिढ्यांचा कागद आणि त्याची एक झेरॉक्स
- स्वतःचे आजवरचे सर्व लिपिड रिपोर्ट, तारखेच्या क्रमाने
- चालू औषधांची यादी किंवा औषधांच्या पट्ट्याच
- आजारी नातेवाइकाचा बायोप्सी रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि त्याची लेखी संमती
- आधार कार्ड, आणि असल्यास विमा पॉलिसी

विम्याबद्दल थोडे. फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने जनुकीय विकार सरसकट वगळणारी अट भेदभावाची ठरवली आणि त्यानंतर विमा नियामकानेही कंपन्यांना तसे निर्देश दिले. तरीही प्रस्ताव अर्जात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर खरेच द्यावे, कारण लपवलेली माहिती क्लेमच्या वेळी पुढे येते.

८. पैसे आणि झोप घालवणाऱ्या काही गोष्टी

‘संपूर्ण शरीर तपासणी’च्या पॅकेजमध्ये सीए-१२५ आणि सीईए यांसारखे ट्यूमर मार्कर (कर्करोगात वाढू शकणारे रक्तातले घटक) घातलेले असतात. लक्षणे नसलेल्या माणसात कर्करोग शोधण्यासाठी ते विश्वासार्ह नाहीत. पाळीच्या दिवसांतही सीए-१२५ वाढू शकतो. आमच्याकडे एका पॅकेजमध्ये असाच थोडा वाढलेला आकडा आला आणि सोनोग्राफी होईपर्यंत घरातले वातावरण पार बिघडले. तेलाच्या डब्यावरच्या ‘कोलेस्ट्रॉल फ्री’ या शब्दांसाठी जास्त पैसे मोजू नयेत, कारण शेंगदाणा, करडई, सूर्यफूल यांपैकी कोणत्याच वनस्पती तेलात कोलेस्ट्रॉल नसते. स्टॅटिनमुळे कर्करोग होतो ही भीतीही फिरत असते. मोठ्या चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात तसे आढळलेले नाही. उलट छुप्या कर्करोगामुळे कोलेस्ट्रॉल खाली येऊ शकते, आणि या उलट्या संबंधातूनच तो गैरसमज पोसला गेला.

९. नातेवाइकांना कळवताना

मुलीच्या सोयरिकीत अडचण येईल म्हणून दोष लपवणारी घरे आहेत, आणि त्यांची भीती अगदीच निराधार नाही. तरी ज्यांच्या जिवाचा प्रश्न आहे त्या सख्ख्या भावंडांना आणि त्यांच्या सज्ञान मुलांना कळवणे टाळू नये. कौटुंबिक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, प्रत्येकाला स्वतंत्र सांगा. तोंडी सांगितलेले अर्ध्या वाटेत बदलते, म्हणून डॉक्टरांकडून किंवा समुपदेशकाकडून नातेवाइकांसाठी एक पत्र लिहून घ्या. त्यात विकाराचे नाव, जनुकाचे नाव, त्यातल्या दोषाची नेमकी सांकेतिक नोंद, लॅबचे नाव आणि रिपोर्ट क्रमांक असावा. रुग्णाचे नाव घालायचे की नाही हे रुग्णानेच ठरवावे. पत्रासोबत रिपोर्टचा फोटो पाठवणार असाल तर सगळी पाने पाठवा: दोषाची नेमकी नोंद पुष्कळदा पहिल्या पानावरच्या ठळक निकालात नसून आतल्या तक्त्यात असते, आणि तिच्याशिवाय पुण्यातल्या किंवा सुरतेतल्या भावाला ती एकच जागा तपासून घेता येत नाही.